फ्लॅट आपल्या नावावर, पण जमीन कोणाच्या?

जुन्या इमारतीतला फ्लॅट विकत घ्यायला निघालेली माणसे पुष्कळ गोष्टी बारकाईने पाहतात. पाणी किती वेळ येते, लिफ्ट चालू असते का, पावसाळ्यात भिंतीला ओल धरते का, मेंटेनन्स किती, स्टेशन किती लांब. कागदपत्रांच्या बाबतीतही लोक आता बरेच सावध झाले आहेत. मागचे सगळे करारनामे, इंडेक्स टू म्हणजे दस्त नोंदल्याचा उतारा, सोसायटीचे भागपत्र, थकबाकी नसल्याचा दाखला हे सारे आवर्जून मागितले जाते. मात्र ज्या जमिनीवर ती इमारत उभी आहे, त्या जमिनीची मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, मागणारा खरेदीदार क्वचितच भेटतो, आणि ती स्वतःहून दाखवणारा विक्रेता तर त्याहूनही विरळा.

मी आमच्या सोसायटीच्या कमिटीवर असताना ती पत्रिका पहिल्यांदा हातात घेतली, तेव्हा आम्हाला त्या इमारतीत राहायला येऊन वीस वर्षे उलटून गेली होती. धारकाच्या रकान्यात मूळ जमीनमालकाचे नाव होते आणि त्याखाली, तो वारल्यानंतर लागलेली त्याच्या वारसांची नावे होती. बिल्डरचे नाव कुठेच नव्हते आणि सोसायटीचे तर नव्हतेच. ज्या जागेचा मालमत्ता कर आम्ही दरवर्षी भरत होतो, जिच्याभोवती कुंपणाची भिंत आम्ही स्वखर्चाने बांधली होती, ती जागा सरकारदरबारी आम्ही कधी पाहिलेही नव्हते अशा एका कुटुंबाच्या नावावर होती. महाराष्ट्रातल्या असंख्य सोसायट्यांची स्थिती आजही हीच आहे, आणि जुन्या घरांच्या खरेदी-विक्रीतला माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित प्रश्न हाच आहे.

फ्लॅटची किंमत आपण एका आकड्यात मोजतो, पण त्या आकड्यात दोन वेगळ्या वस्तू असतात. एक म्हणजे चार भिंतींचे बांधकाम, आणि दुसरी म्हणजे खालच्या जमिनीतला आपला वाटा. बांधकाम दरवर्षी जुने होते आणि त्याची किंमत घटत जाते. वाढते ती जमिनीची किंमत. तीस वर्षांपूर्वी घेतलेल्या फ्लॅटला आज कितीतरी पट भाव मिळतो तो त्या जुन्या विटा-सिमेंटसाठी नव्हे. आता गंमत अशी नव्हे तर अडचण अशी, की सोसायटीच्या पद्धतीत फ्लॅटधारकाच्या करारनाम्याने त्याला पहिली वस्तू मिळते, दुसरी मिळत नाही. जमीन त्याच्या नावावर व्हायची नसतेच. ती व्हायची असते सोसायटीच्या नावावर, आणि सोसायटीचा सभासद या नात्याने त्याचा तिच्यावर हक्क पोहोचायचा असतो. त्यासाठी बिल्डरने आणि जमीनमालकाने सोसायटीच्या नावे एक स्वतंत्र दस्त करून द्यावा लागतो. कायद्याच्या मराठीत त्याला अभिहस्तांतरण म्हणतात, आणि बोलताना सगळे कन्व्हेयन्स म्हणतात. तो दस्त झाला नाही, तर सोसायटी नोंदलेली असते, भागपत्रे वाटलेली असतात, वार्षिक सभा होत असतात, पण जमीन मात्र जिथे होती तिथेच राहते. अपार्टमेंटची गोष्ट वेगळी आहे. १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली जिथे घोषणापत्र आणि अपार्टमेंटचे दस्त झालेले असतात, तिथे जमिनीतला अविभाज्य हिस्सा थेट फ्लॅटधारकाकडे येतो. या लेखात मी बोलतो आहे ते सोसायट्यांबद्दल.

कायद्यात यासंबंधी संदिग्धता नाही. १९६३ चा महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांबाबतचा अधिनियम, म्हणजे ज्याला आपण मोफा म्हणतो, त्याच्या कलम १० नुसार बिल्डरने फ्लॅटधारकांची संस्था नोंदवायची असते आणि कलम ११ नुसार त्या संस्थेला जमीन व इमारत यांतला आपला हक्क हस्तांतरित करायचा असतो. करारनाम्यात वेगळी मुदत ठरलेली नसेल, तर संस्था नोंदल्यापासून चार महिन्यांत हे काम व्हावे, असे नियम सांगतात. न करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची किंवा दंडाची तरतूदही आहे. इतके स्पष्ट असूनही कन्व्हेयन्स होत नाही, याची कारणे मात्र समजून घ्यायला हवीत, कारण त्यांतच या प्रश्नाचे मर्म आहे.

पहिले कारण जमिनीच्या मूळ व्यवहारात असते. अनेक बिल्डरांनी जमीन कधी विकत घेतलेलीच नसते. जमीनमालकाशी विकसन करारनामा करायचा, त्याच्याकडून कुलमुखत्यारपत्र घ्यायचे, काही फ्लॅट किंवा काही रक्कम त्याला द्यायची आणि त्याच्या जमिनीवर इमारत उभी करून फ्लॅट विकायचे, ही सर्रास चालणारी पद्धत आहे. ती बेकायदेशीर नाही. पण त्यामुळे कन्व्हेयन्सच्या दस्तावर जमीनमालकाचीही सही लागते, आणि मालक व बिल्डर यांच्यात पैशांवरून वाद झाला असेल, किंवा मालक वारून त्याचे आठ-दहा वारस निरनिराळ्या गावी पांगले असतील, तर ती सही मिळवणे महाकठीण होऊन बसते. फ्लॅटधारकाचा त्या वादाशी काही संबंध नसतो, पण भोगतो तोच.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे आणि ते चटई क्षेत्राशी, म्हणजे एफएसआयशी निगडित आहे. एका भूखंडावर किती बांधकाम करता येईल हे एफएसआयने ठरते आणि तो कायमचा एकच राहत नाही. शहराचे नियम बदलतात, रस्ता रुंद होतो, टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेवरचा हस्तांतरणीय बांधकाम हक्क, वापरायला परवानगी मिळते आणि त्याच जमिनीवर पूर्वीपेक्षा जास्त बांधता येऊ लागते. समजा, एक हजार चौरस मीटरच्या भूखंडावर एक एफएसआय असताना एक हजार चौरस मीटरची, वीस फ्लॅटची इमारत झाली. पुढे नियम बदलले आणि तिथे दोन एफएसआय मिळू लागला. आता जे आणखी एक हजार चौरस मीटर बांधता येणार आहे, ते कोणाचे? जमीन सोसायटीच्या नावावर असेल तर उत्तर सरळ आहे. ते त्या वीस कुटुंबांचे. जमीन मूळ मालकाच्या नावावर असेल तर बिल्डर किंवा मालक त्यावर दावा सांगायला उभा राहतो. मोफाच्या नियमांसोबत जो करारनाम्याचा नमुना दिलेला आहे, त्यात शिल्लक चटई क्षेत्र सोसायटी नोंदली जाईपर्यंत बिल्डरला आणि त्यानंतर सोसायटीला, असे स्वच्छ लिहिलेले आहे. पण प्रत्यक्षात कित्येक करारनाम्यांत हे कलम बदलून भविष्यातला सारा एफएसआय बिल्डरने स्वतःकडे राखून ठेवलेला आढळतो, आणि घर मिळाल्याच्या आनंदात साठ पानांच्या त्या दस्तावर पानोपानी सह्या करताना ते कलम कोणी वाचत नाही. जमीन दुसऱ्याच्या नावावर ठेवण्यात कोणाचा किती फायदा आहे, हे इथे लक्षात येते.

मोठ्या ले-आउटमध्ये याला तिसरा पदर असतो. एकाच जमिनीवर पाच-सात इमारती टप्प्याटप्प्याने होतात. पहिल्या इमारतीतले लोक कन्व्हेयन्स मागतात, तेव्हा त्यांना सांगितले जाते की शेवटची इमारत पूर्ण झाल्यावर सगळ्यांचे एकदमच करू. शेवटची इमारत मात्र वर्षानुवर्षे पूर्ण होत नाही, कधी कधी ती सुरूच होत नाही, आणि दरम्यान मंजूर आराखड्यात बागेसाठी दाखवलेली जागा सुधारित आराखड्यात आणखी एका इमारतीची जागा होऊन जाते.

दोष नेहमी समोरच्याचाच असतो असेही नाही. सोसायटीच्या सभांमध्ये गळती, पार्किंग आणि रखवालदाराचा पगार यांवर तासन्‌तास चर्चा होते. कन्व्हेयन्सचा विषय निघाला की खर्च किती येईल हा पहिला प्रश्न येतो आणि विषय पुढच्या वर्षावर जातो. इमारत नवी असते तोवर त्याची निकड कोणालाच वाटत नाही, आणि जे फ्लॅट विकून जाणार असतात त्यांना तर वर्गणी देण्यातही रस नसतो.

ही निकड कधी कळते? इमारत चाळिशीकडे झुकली की. खांबांच्या सळ्या उघड्या पडतात, दुरुस्तीचा खर्च झेपेनासा होतो आणि पुनर्विकासाचा विचार सुरू होतो. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानुसार एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्के सभासदांच्या संमतीने सोसायटी पुनर्विकासाचा निर्णय घेऊ शकते. पूर्वी हे प्रमाण ७५ टक्के होते. पण संमती असली तरी विकासकाला देण्यासारखे सोसायटीच्या हाती काय आहे, हा प्रश्न उरतोच. जमिनीची मालकी नसेल तर येणारा विकासक एक तर पाठ फिरवतो, नाही तर ती जोखीम धरून सभासदांना कमी क्षेत्र देऊ करतो. सोसायटीला स्वयंपुनर्विकास करायचा असेल, तर कर्ज देणारी बँक सर्वांत आधी जमिनीचाच कागद मागते. एकाच रस्त्यावरच्या, एकाच वयाच्या दोन इमारतींपैकी एकीचा पुनर्विकास मार्गी लागतो आणि दुसरी टेकूंवर उभी राहते, त्यामागे पुष्कळदा हा एकच कागद असतो.

जुना फ्लॅट विकणाऱ्यालाही याची झळ बसते, फक्त ती त्याला नाव घेऊन दिसत नाही. ग्राहक येतात, घर आवडते, मग त्यांचा वकील कागद पाहतो आणि बोलणी थंडावतात किंवा भाव पाडून मागितला जातो. विक्रेत्याला वाटते बाजारच मंदावला आहे. खरेदीदाराची फसगत मात्र बँकेमुळे होते, आणि ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो. कन्व्हेयन्स नसलेल्या सोसायटीतल्या फ्लॅटवरही बँका सर्रास कर्ज देतात. त्यामुळे बँकेने कर्ज मंजूर केले म्हणजे सगळे ठीक आहे, असे लोक धरून चालतात. पण बँक पाहते ती तिचे कर्ज फिटेपर्यंत तारण सुरक्षित आहे की नाही, विक्रेत्यांची साखळी सलग आहे की नाही, इतकेच. वीस वर्षांनी त्या भूखंडावरचा जास्तीचा एफएसआय कोणाला मिळेल, हा तिच्या काळजीचा विषय नाही. तो आपल्या काळजीचा आहे.

बिल्डर सही देत नाही म्हणून सोसायट्यांनी पूर्वी दिवाणी न्यायालयात दावे लावले आणि ते दहा-दहा वर्षे चालले. हा मार्ग सुकर करण्यासाठी २००८ मध्ये मोफात दुरुस्ती झाली, २०१० मध्ये तिचे नियम आले आणि मानीव अभिहस्तांतरणाची म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सची वाट खुली झाली. मानीव याचा अर्थ झाले असे मानलेले. बिल्डरने मुदतीत दस्त करून दिला नाही, तर सोसायटी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करते, आणि हा प्राधिकारी म्हणजे सहकार खात्याचा जिल्हा उपनिबंधक. तो बिल्डरला आणि जमीनमालकाला नोटीस काढतो, दोन्ही बाजू ऐकून घेतो आणि सोसायटी पात्र ठरली तर एकतर्फी कन्व्हेयन्सचा दस्त नोंदवण्यासाठी प्रमाणपत्र देतो. मग बिल्डरच्या आणि मालकाच्या सहीवाचून तो दस्त नोंदला जातो. अर्जाचे कोर्ट फी स्टॅम्प दोन हजार रुपयांचे आहेत आणि कायद्याने निर्णयासाठी सहा महिन्यांची कमाल मुदत घातलेली आहे. प्रत्यक्षात वेळ जास्तही लागतो. इथे एक मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे की हा प्राधिकारी जमिनीच्या मूळ मालकीचा वाद सोडवत नाही. करारनाम्याने बिल्डरने जे देण्याचे कबूल केले होते, तेवढेच तो सोसायटीला मिळवून देतो. मालकीवर कोणाचा खरोखरीचा दावा असेल, तर त्याला दिवाणी न्यायालय मोकळे राहते.

या प्रक्रियेतले सर्वांत कष्टाचे काम अर्जाचे नसून कागद गोळा करण्याचे आहे. प्रत्येक फ्लॅटचा इंडेक्स टू लागतो, सभासदांची यादी लागते, मंजूर नकाशे, जमिनीचे उतारे, शोध अहवाल, ले-आउट असेल तर प्रत्येक इमारतीच्या वाट्याला किती जमीन येते याचा वास्तुविशारदाचा दाखला, असे बरेच काही. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे पूर्ण झालेल्या इमारतीत राहायला मिळालेली अधिकृत परवानगी, नाही म्हणून पूर्वी कित्येक सोसायट्या अडून बसत. २२ जून २०१८ च्या शासन निर्णयाने त्या जागी स्वयंघोषणापत्र चालू लागले. अर्थात त्यामुळे भोगवटा प्रमाणपत्राची गरज संपली असे कोणी समजू नये. पाणीपट्टीपासून पुढच्या परवानग्यांपर्यंत त्याची उणीव जाणवतच राहते.

खरी अडचण होते ती जुन्या करारनाम्यांची. फ्लॅटच्या करारनाम्यावर खरेदीखताप्रमाणे पूर्ण मुद्रांक शुल्क आकारण्याची तरतूद १० डिसेंबर १९८५ पासून आली. त्याआधीचे करारनामे अगदी किरकोळ रकमेच्या स्टॅम्पपेपरवर झालेले असत आणि ते तसे चालतही असत. पण त्या तारखेनंतरचा करारनामा कमी स्टॅम्पवर झाला असेल, नोंदवायचा राहिला असेल, किंवा मधल्या एखाद्या विक्रीचा मूळ दस्तच हरवला असेल, तर तो एक फ्लॅट सगळ्या सोसायटीचे काम लांबवतो, आणि तो विकताना त्याच्या मालकाला दंडासह शुल्क भरावे लागते ते वेगळेच. दुसरीकडे, सगळ्यांनी आपापल्या करारनाम्यावर पुरेसे शुल्क भरलेले असेल, तर कन्व्हेयन्सच्या दस्तावर तेच शुल्क पुन्हा भरावे लागत नाही. मुद्रांक जिल्हाधिकारी अभिनिर्णय करताना, म्हणजे दस्तावर किती शुल्क लागते ते ठरवताना, आधी भरलेल्या शुल्काची वजावट देतात. खर्चाच्या भीतीने हा विषय टाळणाऱ्या सभासदांना हे आवर्जून सांगितले पाहिजे.

नव्या प्रकल्पांची स्थिती कागदावर तरी बरी आहे. २०१६ चा रेरा कायदा, म्हणजे स्थावर मालमत्ता (नियमन व विकास) अधिनियम, आणि त्याखालचे महाराष्ट्राचे २०१७ चे नियम यांनी मुदती बांधून दिल्या आहेत. ५१ टक्के फ्लॅटचे बुकिंग झाले की तीन महिन्यांत सोसायटी स्थापन करायची. एकच इमारत असलेल्या प्रकल्पात भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यापासून, किंवा ५१ टक्के खरेदीदारांनी पूर्ण रक्कम दिल्यापासून, यांपैकी जे आधी होईल त्यापासून तीन महिन्यांत कन्व्हेयन्स करायचे. ले-आउटमध्ये मात्र इमारतीचा सांगाडा त्या त्या सोसायटीला आणि जमीन शेवटच्या इमारतीच्या भोगवटा प्रमाणपत्रानंतर सगळ्यांच्या मिळून शिखर संस्थेला, अशी विभागणी आहे. म्हणजे शेवटच्या इमारतीची वाट पाहणे इथेही आलेच. म्हणून मोठ्या संकुलात घर घेणाऱ्याने महारेराच्या, म्हणजे या कायद्याखालच्या राज्य प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर जाऊन त्या भूखंडावर एकूण किती टप्पे दाखवले आहेत आणि त्यांच्या पूर्ततेच्या तारखा किती वेळा वाढवून घेतल्या आहेत, हे पाहावे.

जुना फ्लॅट घेणाऱ्याने मग काय करावे? कन्व्हेयन्स नाही म्हणून घर घ्यायचेच नाही, असे मी म्हणणार नाही. तसे ठरवले तर कित्येक चांगल्या वस्त्यांतली घरे यादीतून बाद होतील. पण टोकन देण्याआधी जमिनीची मिळकत पत्रिका, आणि जिथे नगर भूमापन झालेले नाही तिथे सातबारा, स्वतः काढून धारकाचे नाव वाचावे. दोन्ही उतारे ऑनलाइन मिळतात आणि शुल्क अगदी थोडे असते. नाव सोसायटीचे नसेल तर सेक्रेटरींना तीन गोष्टी विचाराव्यात: डीम्ड कन्व्हेयन्सचा अर्ज केला आहे का, नसेल तर कशासाठी अडला आहे, आणि जमीन मालकीची आहे की सिडको, म्हाडा वा सरकारकडून भाडेपट्ट्याने घेतलेली. भाडेपट्ट्याची जमीन असेल तर तिथे मालकी नव्हे तर उरलेल्या मुदतीचा पट्टा हस्तांतरित होतो आणि हस्तांतरासाठी त्या संस्थेची परवानगी लागू शकते. उत्तरे मिळाल्यावर भाव त्या हिशेबाने ठरवावा. कमिटीत कामाचा माणूस आहे आणि फाइल तयार होते आहे असे दिसले तर थोडी जोखीम घ्यायला हरकत नाही. कोणालाच काही माहीत नसेल, तर ती जोखीम मोठी आहे.

विक्रेत्याने ही गोष्ट लपवू नये. ती लपतही नाही, फक्त उशिरा उघडी पडते आणि तोवर दोन्हीकडचा विश्वास गेलेला असतो. आपला मूळ करारनामा, शुल्काच्या पावत्या आणि आधीच्या विक्रीची साखळी त्याने घर बाजारात आणण्यापूर्वीच जुळवून ठेवावी. सोसायटीचे हस्तांतर शुल्क म्हणून कोणी अवाच्या सवा रक्कम मागत असेल तर महापालिका क्षेत्रातही त्याची कमाल मर्यादा पंचवीस हजार रुपये आहे, हेही त्याला ठाऊक असावे.

शेवटी एक टप्पा उरतो आणि तो हमखास विसरला जातो. कन्व्हेयन्सचा दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदला की कमिटी सुटकेचा निःश्वास टाकते, दस्त कपाटात जातो आणि सगळे कामाला लागतात. पण तो दस्त नोंदल्याने मिळकत पत्रिकेवरचे नाव आपोआप बदलतेच असे नाही. त्यासाठी दस्ताची प्रत जोडून नगर भूमापन कार्यालयात फेरफारासाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो. तिथे संबंधितांना नोटिसा निघतात, हरकतींची मुदत जाते आणि मग नोंद मंजूर होते. आमच्या सोसायटीचा दस्त नोंदल्यानंतर या नोंदीसाठी सेक्रेटरींनी त्या कार्यालयाच्या बऱ्याच खेपा घातल्या. नवी पत्रिका आली तेव्हा जमीनमालकाचे आणि त्याच्या वारसांचे नाव कंसात गेलेले होते, आणि धारकाच्या रकान्यात सोसायटीचे नाव नोंदणी क्रमांकासह लिहिलेले होते. तिची एक प्रत आता नोटीस बोर्डावर लावलेली असते, आणि घर पाहायला येणाऱ्याला सेक्रेटरी आधी ती दाखवतात.